पोलादाचे पाणी

तलवारीचा इतिहास आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती कोणी उपसली, कोठे चालविली, शेवटी कोणाच्या खजिन्यात जाऊन पडली, हे आपल्याला ठाऊक असते. ती ज्या पोलादाची झाली ते पोलाद कोणी शिजविले, कोणी तापविले, कोणी विझविले, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य काढलेले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले; पुढचे जे काही झाले ते भट्टीसमोर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा इतिहास वाचताना आमचे लक्ष मुठीवरच्या हातापेक्षा सांडशीवरच्या हाताकडे आधी जाते. ही दृष्टी एकांगी आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. पण दुसरी बाजू सांगणारे पुष्कळ आहेत. आज एवढी बाजू आम्हाला सांगू द्यावी.

विषय आहे नक्षीच्या पोलादाचा. जुन्या चांगल्या तलवारीच्या पात्यावर, कट्यारीवर, कधी मुठीच्या परजेवरही पाण्यावर वारा फिरावा तशा बारीक लाटा दिसतात. या लाटा कोरलेल्या नसतात आणि रंगविलेल्याही नसतात. त्या पोलादाच्या अंगातच असतात; कारागीर त्यांना फक्त वर आणतो. फारशीत या नक्षीला जौहर म्हणत. रत्नपारख्याला आपण जव्हेरी म्हणतो, तो शब्द याच मुळातला. वस्तूचे आतले सत्त्व असा त्याचा अर्थ. आपल्याकडच्या ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसग्रंथात लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन वर्ग केले असून, केसासारख्या या रेषांना ‘पोगर’ असे नाव दिले आहे. यातल्या ‘तीक्ष्ण’ शब्दावरून जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ म्हणत. म्हणजे ही ओळख आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. आपण ती विसरलो, एवढेच.

विसरलो असे तरी कसे म्हणावे? उन्हाळ्याच्या तोंडी, पेरणीच्या आधी, आपल्या शहराबाहेरच्या रस्त्यांवर आजही घिसाड्यांची पाले पडतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते. शेतकरी बोथट झालेली कुऱ्हाड घेऊन येतो आणि म्हणतो, “हिला पोलाद घाल.” घिसाडी मऊ लोखंडाच्या तोंडाशी पोलादाची पट्टी बसवितो, ती पांढरी होईतो तापवितो आणि घणाखाली दोन्ही धातू एकजीव करतो. मऊ लोखंड धक्का सोसते, कडक पोलाद धार धरते. शेवटी तो तोंड लाल करून पाण्यात बुडवितो आणि शेतकऱ्याला सांगतो, “पाणी दिलंय.” पोलादाला पाणी देणे, माणूस पाणीदार असणे, एखाद्याचे पाणी जोखणे हे शब्दप्रयोग आपण सभासंमेलनांत सहज वापरतो, पालापुढच्या त्या बादलीशी त्यांचा संबंध आहे हे मनात येत नाही.

नक्षीचे पोलाद दोन रीतींनी होते. पहिली रीत या घिसाड्याचीच, पण पुष्कळ पुढे नेलेली. कडक आणि मऊ अशा पट्ट्या एकावर एक रचावयाच्या, तापवून ठोकून जोडावयाच्या, लांब करून दुमडावयाच्या, पुन्हा जोडावयाच्या. एका दुमडीला थर दुप्पट होतात. आठ थरांचे सहा दुमडींत पाचशे बारा होतात. मध्येच दांडीला पीळ दिला की थरही पिळतात आणि घासल्यावर त्यांची नक्षी निघते. कडक व मऊ लोखंडाच्या अशा मेळाला हिंदीत ‘सकेला’ हे नाव आहे. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्याही अशाच थरांच्या पट्ट्या गुंडाळून घडवीत. दुसरी रीत मुशीतली. त्यात थर जोडावयाचे नसतात; लोखंड कर्बासह बंद मुशीत वितळवून इतके सावकाश निववावयाचे की नक्षीचे बीज त्या वडीतच पडते. या पोलादाला कानडीत व तेलुगूत ‘उक्कु’ म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘वूट्झ’ झाले. युरोपात या नक्षीला दमास्कसचे नाव पडले. पण त्या नावाने नावाजलेले मुशीचे पोलाद मोठ्या प्रमाणात जात असे ते दक्षिण हिंदुस्थानातून आणि दख्खनेतून.

येथे आमच्या गावाचा संबंध येतो. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हे मलिक अंबरने १६१० साली खडकी म्हणून वसविले. पुढे ते मोगलांच्या दख्खन सुभ्याचे ठाणे झाले आणि निजामाची पहिली राजधानीही येथेच होती. १७६३ साली ती हैदराबादला गेली. सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा एक मोठा रस्ता दौलताबाद, औरंगाबाद, नांदेड असा जाई. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या या रस्त्याचे मुक्काम लिहून ठेवतो. आपण त्याला हिऱ्यांचा व्यापारी म्हणून ओळखतो. पण त्याने पोलादाविषयी जे लिहिले आहे ते आमच्या मते हिऱ्यांहून मोलाचे आहे. त्याचा आशय असा : ज्याच्यावर नक्षी उमटते ते पोलाद फक्त गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. त्याला पाणी देताना चेरीच्या फळाइतकेच लाल करतात आणि पाण्यात न बुडविता ओल्या कापडात गुंडाळतात. आपल्या पोलादाइतके तापविले तर ते इतके कडक होते की वापरताना काचेसारखे फुटते.

हे पोलाद नेमके कोठे होई? नांदेडच्या पुढे गोदावरी ओलांडली की जुने इंदूर, म्हणजे आजचा निजामाबाद जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामी राज्याचे रहिवासी होतो. त्या जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. डॉ. व्हॉयसी हा मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा शल्यवैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ तेथे गेला होता. तो १८२४ साली वारला. त्याचे टिपण १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापले गेले. त्या टिपणात भट्टीपाशी इस्फहानचा एक व्यापारी हजर आहे. तो स्वतः माल पारखतो आणि तो माल इराणात जाणार आहे. तेलंगणातल्या एका खेड्याची भट्टी आणि इस्फहानची बाजारपेठ यांचे नाते असे थेट होते.

आणि ते काम किती हिशेबाचे होते पहा. दोन गावांचे, दोन जातींच्या खनिजांचे लोखंड तीनास दोन या प्रमाणात मिसळावयाचे. अशा मुशीच्या मातीत भाताचे तूस कालवीत. ते जळून गेले की माती सच्छिद्र होते आणि प्रचंड आच सोसते. तोंड लिंपलेली मूस चोवीस तास भट्टीत ठेवून सावकाश थंड करावयाची. निघालेली वडी, साधारण दीड पौंडाची, इतकी कडक असते की घणाखाली टिकणार नाही. म्हणून तिला मातीचे लेपण करून पुन्हा बारा ते सोळा तास मंद आचेत ठेवावयाचे. तेवढ्याने मऊ पडली नाही तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आजच्या कारखान्यात याला अनीलिंग म्हणतात आणि त्यासाठी तक्ता लावलेला असतो. कोनासमुद्रमच्या भट्टीवाल्याजवळ तक्ता नव्हता. डोळा होता, आणि बापाने सांगितलेले शब्द होते.

आता आचेचे शास्त्र थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळावयाची नाही. लोखंडात कर्ब किती यावर त्याचा स्वभाव ठरतो. शंभर भागांत पाऊण भाग कर्ब असला तर उत्तम चाकू होतो. उक्कूत तो दीड भागाच्या आसपास असे. पोलाद सुमारे ७३० अंश सेंटिग्रेडच्या वर गेले की त्याच्या आतली रचना बदलते व कर्ब तिच्यात विरघळतो. तेथून ते एकदम निवविले तर कर्बाला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही. तो अडकून बसतो आणि पोलाद कडक पण ठिसूळ होते. मग त्याला पुन्हा हलकी आच देऊन तो ताण उतरवावा लागतो. घासलेल्या अंगावर त्या वेळी रंग चढतात : आधी हळदीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबले तर वस्तरा होतो, निळ्यावर थांबले तर कमान. आच जास्त झाली तर पोलादाचा कण मोठा होतो आणि ते फुटते. उक्कूच्या बाबतीत आणखी एक संकट असे : फार तापविले की नक्षी घडविणारे कर्बाचे कण विरघळून जातात आणि नक्षी नाहीशी होते. विलायती लोहार आपल्या सवयीने हे पोलाद पांढरे होईतो तापवीत आणि घणाखाली त्याचा भुगा होई. दोष मालात नव्हता. त्याची रीत मालाबरोबर गेली नव्हती.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाच्या अध्यायात ‘शस्त्रपान’ सांगितले आहे, म्हणजे शस्त्राला काय पाजावे ते. रक्त, तूप, पाणी, घोडीचे, सांडणीचे व हत्तिणीचे दूध, केळीचा क्षार घातलेले ताक असे नाना प्रकार त्यात आहेत आणि प्रत्येकाचे फळ वेगळे. हे वाचून आमचे शिकलेले मित्र हसतात. हसू नये. प्रत्येक द्रव पोलादातली उष्णता वेगळ्या गतीने ओढतो. तेल सावकाश, पाणी वेगाने, खारे पाणी त्याहून वेगाने. कारागिराला हे अनुभवाने माहीत होते. ते ग्रंथात शिरताना त्याच्याभोवती शुभाशुभाचा गोतावळा जमला, कारण ग्रंथ लिहिणारा भट्टीवर उभा नव्हता आणि भट्टीवर उभा असलेला लिहीत नव्हता.

आता आमची स्वतःची एक गोष्ट. १९९० च्या सुमारास आम्ही वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात लागलो. गिअरचे दाते कडक करण्याचे काम. तेथे पैठण तालुक्यातल्या लोहाराच्या घरचे एक गृहस्थ भट्टीवर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कागदोपत्री ते मदतनीस. भट्टीचे दार उघडण्यापूर्वी मामा जवळची ट्यूबलाइट बंद करीत. वीज वाचविण्यासाठी करतात असे आम्हाला पुष्कळ दिवस वाटे. वस्तुतः उजेडात लोखंडाचा रंग फसवितो. लोहाराचे कामठाण अंधारे असते ते याचसाठी.

एका रात्रपाळीत मामांनी दार किलकिले करून आत पाहिले आणि म्हणाले, “पोरा, भट्टी नारंगी झालीय. ह्यो माल काचेगत फुटंल.” तापमापक यंत्राचा काटा ८५० वर स्थिर होता. पर्यवेक्षकाने काट्याकडे पाहिले, मामांकडे पाहिले, आणि माल तेलात सोडण्याचा हुकूम दिला. सकाळी तपासणीत अर्ध्याहून अधिक गिअरांच्या दात्यांना चिरा निघाल्या. पुढे कळले की भट्टीतली तापमान मोजणारी तार जळून कमी आकडा दाखवीत होती. काटा ८५० म्हणत होता तेव्हा भट्टी त्याच्या बरीच पुढे गेली होती. पण त्याआधीच मामांच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली होती.

नोटीस आम्ही भांडून मागे घेववली. युनियनमधले आमचे ते पहिले काम. पुढच्या वेतनकराराच्या वेळी आम्ही मागणी केली की भट्टीवरच्या माणसाला कुशल कामगाराची श्रेणी मिळावी. व्यवस्थापनाच्या बाजूने बसलेल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, “त्यांना काय येतं, ते लिहून द्या.” आम्ही रात्रभर बसलो आणि एक पानही लिहू शकलो नाही. मामांना विचारले तर ते म्हणाले, “बघितलं की कळतं.” मागणी त्या करारात सुटली. मामा मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. काही वर्षांनी वाचनालयात ताव्हेर्निएचे ते वाक्य आमच्या पाहण्यात आले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. चेरीइतके लाल, आणि जास्त झाले तर काच. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या व्यापाऱ्याने जे लिहिले तेच त्या रात्री मामा बोलले होते; आणि आम्हाला ते लिहिता आले नव्हते.

असो. विझविण्याकडून आता नक्षी वर आणण्याकडे येऊ. घडविलेले, पाणी दिलेले हत्यार लोहाराच्या हातून शिकलगाराकडे जाई. शिकलगार शब्द अरबी ‘सैकल’, म्हणजे झिलई, यावरून आला. तो आधी ते अंग आरशासारखे होईतो घासतो. भट्टीत तापताना वरच्या पापुद्र्यातला कर्ब जळून गेलेला असतो. तो पापुद्रा राहिला तर खाली कितीही सुंदर नक्षी असली तरी दिसत नाही. मग राखेने किंवा चुन्याने तेलाचा अंशही घालवितो, कारण बोटाचा डागसुद्धा द्रावाला अडवितो. नंतर हिराकसाचे पाणी लावतो. हिराकस हा लोखंडाचाच क्षार. लोखंडाचे सत्त्व दाखविण्यास लोखंडाचाच क्षार लागावा यात एक मौज आहे. थराच्या पोलादात एक थर लवकर खाल्ला जातो व काळवंडतो, दुसरा उजळ राहतो. उक्कूत कर्बाचे कण पांढरे उठतात आणि भोवतालचे अंग काळे पडते. मग पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावावयाचे. आजचे कारागीर हिराकसाऐवजी फेरिक क्लोराईड वापरतात, तत्त्व तेच.

आपल्या शहरात हे तत्त्व समजावून सांगण्यास बिदरीची वस्तू पुरे. जस्त सोळा भाग व तांबे एक भाग अशा मिश्रधातूवर चांदीची तार बसवितात आणि मग जुन्या किल्ल्याची माती व नवसागर यांच्या पाण्यात ती वस्तू उकळवितात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच राहते. द्रावाने रूप दिले नाही. दोन धातूंचा मुळात जो फरक होता तो उघड केला. नक्षीच्या पोलादात फरक एवढाच की तेथे दोन्ही पक्ष लोखंडाचेच असतात.

येथे मुठीच्या सामानाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाते सगळे पाहतात. परज, म्यानाच्या तोंडाची मोहनाळ, टोकाची तहनाळ यांच्याकडे कोणी पाहत नाही. दख्खनेत चिलानम नावाची एक छोटी दुधारी कट्यार होती. तिच्या पुष्कळ नमुन्यांत मूठ व पाते एकाच पोलादाचे, एकाच अंगातून काढलेले असते. परजेला धार नसते. मग तिला पाणी देण्याची गरज काय, असा प्रश्न नवशिक्या कारागिराला पडतो. उत्तर असे की मऊ ठेवलेल्या थराच्या पोलादावर द्राव फिका उमटतो. तेच पाणी देऊन कडक केले तर कर्बाचे थर गडद होतात आणि नक्षी उठून दिसते, शिवाय चरेही कमी पडतात. मात्र क्रम सांभाळावा लागतो. पात्याचे शेपूट जाण्याची खाच, भोके, कानसकाम हे सगळे पोलाद मऊ असतानाच उरकावयाचे. मग पाणी द्यावयाचे. परजेने वार सोसावयाचा असतो, तेव्हा तिचा कडकपणा पात्यापेक्षा जास्त उतरवावयाचा. मग झिलई आणि सर्वांत शेवटी द्राव. क्रम चुकला तर कानस चालत नाही किंवा केलेली नक्षी कानसेखाली जाते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्या भागासाठीही इतकी शिस्त असे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

या पोलादाचा पुढचा प्रवास आपल्या मुंबईतून झाला. तेथील डॉ. हेलेनस स्कॉट याने १७९४ साली लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे उक्कूचे नमुने धाडले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस होते असे म्हटले होते. होत होते दख्खनेत; मुंबई ते फक्त बंदर. पण बंदराचे नाव लागते, भट्टीचे लागत नाही. १८१९ पासून मायकेल फॅरडे या पोलादाच्या मागे लागला. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता वाचून शिकलेला. तो आम्हा लोकांना जवळचा वाटतो. उक्कूचे रहस्य त्याला उलगडले नाही. त्याला ते मातीतल्या इतर द्रव्यांत असेल असे वाटले. पण त्या शोधातून त्याने स्टोडार्ट या शस्त्रकाराबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले, आणि मिश्र पोलादाच्या अभ्यासाला वाट मिळाली. पॅरिसच्या टाकसाळीतील ब्रेआँ याने १८२० नंतरच्या काही वर्षांत कारण कर्बात असल्याचे ओळखले. पुढे १८६३-६४ च्या सुमारास शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीने घासलेल्या पोलादाला आम्ल लावून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शिकलगार जे डोळ्याने करीत होता ते त्याने भिंगाने केले, आणि धातूच्या अंतरंगाचे शास्त्र उभे राहिले. वाळूजच्या प्रयोगशाळांत आज गिअरचा तुकडा कापून, घासून, आम्ल लावून पाहतात तेव्हा शिकलगाराचाच हात फिरत असतो.

ज्ञान तिकडे असे वाढत असताना इकडे भट्ट्या विझत गेल्या. त्याची कारणे एक नाहीत. १८५६ साली बेसेमरची रीत निघाली आणि स्वस्त पोलादाचा पूर आला. बंदूक सुधारली तशी तलवारीची मागणी गेली. कोळशासाठी रान तोडणे कठीण झाले. इराणचा व्यापारी येईनासा झाला. विसावे शतक उजाडले तेव्हा ही विद्या जवळजवळ संपली होती. शिकलगार घरोघर विळ्या-कात्र्यांना धार लावीत हिंडू लागला, आणि शस्त्रे घडविणारे हात कढया, झारे, बादल्या घडवू लागले.

१९९० नंतर अमेरिकेत एक जोडी या कोड्यामागे लागली : व्हर्होव्हेन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि पेंड्रे हे घोड्यांना नाल मारणारे लोहार. त्यांच्या प्रयोगांतून असे दिसले की खनिजात व्हॅनेडियमसारखे द्रव्य अगदी लेशमात्र असले, तरच वारंवार तापवून ठोकताना कर्बाचे कण रांगेने बसतात आणि नक्षी उठते. त्यांचा तर्क असा की एखाद्या खाणीतले तसे खनिज संपले असेल. मग रीत तीच, हात तेच, पण नक्षी उठेना, आणि का उठेना हे कोणाला सांगता येईना. एका पिढीला ती उठली नाही की पुढच्या पिढीला शिकविण्यासारखे काही उरत नाही. या जोडीतला एक प्राध्यापक होता आणि एक लोहार, हे आम्ही मुद्दाम सांगतो. दोघांपैकी एकट्याने हे काम झाले नसते.

आता शेवटचा मुद्दा. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, ओतली गेली; ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव तिच्यावर आहे. तोफ ओतणारा राजाच्या पदरी असे, त्याला नाव मिळाले. कोनासमुद्रमच्या वडीवर कोणाचेही नाव नाही. तिची तलवार इराणात होई आणि तिच्यावर घडविणाऱ्या उस्तादाचे, नाहीतर मालकाचे नाव सोन्याने चढे. आमच्या शहरातल्या शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहताना आम्हाला नेहमी वाटते की या काचेआड जितकी पाती आहेत तितक्या भट्ट्या होत्या, आणि प्रत्येक भट्टीपुढे कोणीतरी अंधारात रंग पाहत उभा होता.

याचा दोष राजेरजवाड्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. कामगार संघटनेच्या माणसाने तसे करू नये. आम्ही तीस वर्षे महागाई भत्ता मोजला, बोनसचे टक्के मोजले, कामाचे तास मोजले. ते मोजलेच पाहिजेत. पण कामगाराला काय येते हे आम्ही मोजले नाही. ‘लिहून द्या’ असे समोरच्याने म्हटले तेव्हा आमचे हात रिकामे होते, आणि तो रिकामेपणा त्याने केलेला नव्हता, आमचा होता. ज्या विद्येचा कागद नसतो तिची किंमत वाटाघाटीत शून्य धरली जाते, आणि बाजार बदलला की ती माणसाबरोबर जाते. उक्कूच्या बाबतीत हे झाले. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि शेजारचे जालन्याचे पोलाद कारखाने येथेही ते रोज थोडे थोडे होत आहे. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ आणि एक छायाचित्र, इतक्यावर आपण ते मिटवितो.

म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक साधी वही केली. निवृत्त होणाऱ्या भट्टीवाल्याला, ओतारीला, कानसवाल्याला गाठावयाचे, दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसावयाचे, आणि तो ‘बघितलं की कळतं’ म्हणाला की विचारावयाचे : काय बघितले? कोणता रंग? दिवा चालू होता की बंद? तेल गरम होते की गार? आवाज कसा आला? माणूस आधी लाजतो, मग चिडतो, आणि मग बोलू लागतो. पहिले पान आम्ही मामांचे ठेवले आहे. ते आज नाहीत. त्यामुळे ते पान आमच्या आठवणीवर लिहिले आहे आणि पुष्कळ जागी कोरे आहे. ते पाहिले की दुसऱ्या माणसाकडे जाण्यास आम्ही उशीर करीत नाही.